बिनबोलावलेला पाहुणा

एक बाप आपल्या बायकोला आणि दोन मुलींना खोटे बोलायला शिकवतो आहे. पोलिस येतील, सगळ्यांना वेगवेगळे बसवतील, तेच ते प्रश्न उलटसुलट विचारतील आणि उत्तरांत कुठे फट सापडते का ते पाहतील, असे तो त्यांना समजावून सांगतो. आपण त्या दिवशी पणजीला गेलो होतो, सत्संगाला बसलो, हॉटेलात राहिलो, सिनेमा पाहिला, पावभाजी खाल्ली. तिकिटे आहेत, बिले आहेत, फक्त तारीख पक्की ध्यानात ठेवायची. ‘दृश्यम’मधला हा भाग मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मला एकाच गोष्टीचे नवल वाटते, की हे घर त्याआधी इतके एकजीव झालेले कधीच दिसत नाही. रात्र रात्र केबलच्या ऑफिसात सिनेमे पाहत बसणारा, घरखर्चाच्या बाबतीत हात आखडता ठेवणारा विजय साळगावकर, मुलीच्या हातून माणूस मेल्यावर पहिल्यांदाच घरात पुरता हजर असतो.

कुटुंब, अपराधभाव आणि नैतिक पेच यांवर उभ्या असलेल्या काळोख्या मानसशास्त्रीय थरारकथांचे मला वेड आहे, आणि ते का आहे याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या एका दृश्यापाशी येऊन थांबते. सरळ रहस्यकथेत खून कोणी केला हे शेवटी कळते. इथे ते आपल्याला आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की खून करणाऱ्याबरोबर उरलेली माणसे एका ताटात कशी जेवणार आहेत. आपल्याकडे घरातला गुन्हा म्हटला की तो बहुधा वाटणीवरून होतो. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’तली भावंडे बापावर आणि एकमेकांवर तुटून पडतात ती पैशासाठी, आणि त्यांची किळस करायला प्रेक्षक मोकळा असतो. मी ज्या कथांविषयी बोलते आहे त्यांत गुन्हा लोभातून होत नाही, मायेतून होतो, आणि तिथे प्रेक्षकाची कोंडी होते. मायेची किळस कशी करायची?

जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम ‘दृश्यम’ डिसेंबर २०१३मध्ये आला. पुढच्या वर्षी तो कन्नड आणि तेलुगूत झाला, २०१५मध्ये तमिळ आणि हिंदीत, नंतर सिंहली आणि चिनी भाषांतही. इडुक्कीच्या डोंगराळ मुलखातला जॉर्जकुट्टी हिंदीत गोव्याचा विजय साळगावकर झाला आणि पोलिस महानिरीक्षक गीता प्रभाकर ही मीरा देशमुख झाली. हिंदी आवृत्तीचे दिग्दर्शन निशिकांत कामत यांनी केले, आणि ‘डोंबिवली फास्ट’ पाहिलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट सहज सोडून देता येत नाही. २००५च्या त्या चित्रपटातला माधव आपटे हा बँकेत नोकरी करणारा, बायको आणि दोन मुले असलेला मध्यमवर्गीय माणूस. तो तत्त्वासाठी घरदार सोडून एकटा पडतो आणि त्यातच संपतो. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने दुसरा मध्यमवर्गीय माणूस उभा केला, त्यालाही बायको आणि दोन मुली, आणि हा मात्र घरासाठी एकेक तत्त्व मोडत जातो आणि जिंकतो. पहिल्या वेळी प्रेक्षक हळहळले होते. दुसऱ्या वेळी, मी ज्या चित्रपटगृहात होते तिथे तरी, टाळ्या पडल्या. कामत २०२०च्या ऑगस्टमध्ये गेले. या दोन माणसांना समोरासमोर बसवले तर ते एकमेकांना काय म्हणतील, हे त्यांना कोणी विचारले होते की नाही कोण जाणे. मला मात्र ते ऐकायला फार आवडले असते.

टाळ्या पडाव्यात याची तजवीज पटकथेने फार हुशारीने केली आहे. मेलेला मुलगा निसर्ग शिबिरात मुलीचे अंघोळ करतानाचे चित्रण करतो, ते दाखवून तिला धमकावतो, आई मध्ये पडून गयावया करते तेव्हा तिच्याशीही त्याच भाषेत बोलतो. अशा पोराविषयी कोणाला पाझर फुटणार? मुलगी त्याच्या हातातला मोबाइल फोडायला पाइप उगारते आणि तो घाव डोक्यावर बसतो. एखाद्या वकिलाने या प्रसंगाकडे पाहिले असते तर त्याला भारतीय दंड संहितेचे कलम १०० आठवले असते. बलात्काराच्या इराद्याने झालेल्या हल्ल्यापासून बचाव करताना हल्लेखोर मेला तरी तो खून ठरत नाही, अशी ती तरतूद. म्हणजे त्याच रात्री ठाण्यात गेले असते तर मायलेकींना बचावाची वाट निदान खुली होती. पण पोराची आईच महानिरीक्षक. जिच्याकडे न्याय मागायचा तीच पक्षकार निघाल्यावर जायचे कोणाकडे? कथेने दार असे बाहेरून बंद केले की आतल्या माणसांनी काय केले याचा जाब विचारावा असे आपल्याला वाटेनासे होते. शिवाय त्या आईच्या हाताखालचा गायतोंडे धाकट्या मुलीवर हात उचलतो, आणि त्या आईच्या दुःखाविषयी आपल्या मनात जी थोडीफार जागा उरलेली असते तीही तिथे संपते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, जी समजल्यावर मला या सगळ्या कथा निराळ्या दिसू लागल्या. गुन्हेगाराला आसरा देणे हा त्याच संहितेच्या कलम २१२नुसार गुन्हा होता, पण त्याला एक अपवाद होता: आसरा देणारा नवरा किंवा बायको असेल तर तो गुन्हा नाही. पुरावा कायद्याच्या कलम १२२नेही नवराबायकोत संसारात झालेले बोलणे कोर्टात उघड करायला भाग पाडता येत नसे. आता नवे कायदे आले, कलमांचे क्रमांक बदलले. पण त्या जुन्या रचनेतली जाण बघा. नवराबायकोने एकमेकांना झाकावे, इतके कायद्याने समजून घेतले. आईबापांनी लेकराला झाकावे किंवा लेकराने आईबापांना, याला मात्र त्याने सूट दिली नाही. या थरारकथा नेमक्या त्या सूट न दिलेल्या जागेत घडतात. आणि नवल असे, की आपल्या मनात ती सूट कधीचीच दिलेली असते. ‘स्वतःच्या लेकीसाठी कोणीही हेच करील’ हे वाक्य मी या चित्रपटाविषयी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ते मला मत वाटतच नाही, म्हण वाटते.

आमच्या घरी तो चित्रपट दूरदर्शनसंचावर पाहिला गेला तेव्हा आत्याने ते वाक्य म्हटले. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी मुलाचे आईबाप विजयला भेटतात, बाप हात जोडून आपल्या मुलाच्या वागण्याची माफी मागतो आणि एवढेच विचारतो की आम्ही त्याची वाट पाहायची की नाही. विजय सरळ कबुली देत नाही. आमच्या छोट्याशा जगात एक बिनबोलावलेला पाहुणा आला होता, तो सारे उद्ध्वस्त करायला निघाला होता आणि आता तो परत येणार नाही, अशा अर्थाचे काही तरी आडवळणाने सांगतो. मग प्रेत कुठे पुरले आहे ते प्रेक्षकांना कळते, पोलिस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या जमिनीखाली, आणि खोलीत एक समाधानाचा हुंकार उमटतो. त्या हुंकारात आई म्हणाली, “हाडं तरी द्यायला हवी होती गं त्या बाईला.”

आत्या म्हणाली, “अगं, मग पकडला नसता का तो?”

“पकडला असता,” आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

आईच्या या बोलण्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिचा एक मामा तरुणपणी मुंबईला जातो म्हणून निघाला आणि परत आला नाही. आजोळी सर्वपित्री अमावास्येला गुरुजी एकेक नाव विचारत, आजोबा सांगत, पिंड ठेवला जाई, आणि दर वर्षी एका ठिकाणी गुरुजी थांबत. आजोबांकडे पाहत. पणजी, म्हणजे त्या मामाची आई, माजघराच्या दारात उभी असे. ती काही बोलत नसे, पण ती उभी आहे म्हणजे नाव घ्यायचे नाही, हे सगळ्यांना समजे, आणि गुरुजी पुढच्या नावाकडे वळत. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मेला असे मानायला कायद्याची हरकत नसते. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचा पालाशविधी शास्त्रातही आहे. पणजीने यातले काहीच होऊ दिले नाही. ती गेल्यावर पुढच्या सर्वपित्रीला आजोबांनी दोघांची नावे एका पाठोपाठ सांगितली. हे सगळे पाहिलेल्या माझ्या आईला त्या आडवळणी कबुलीने समाधान होणे शक्यच नव्हते. पाहुणा परत येणार नाही, हे ठीक. पण नाव घ्यायचे की नाही?

मल्याळम ‘दृश्यम’चा दुसरा भाग फेब्रुवारी २०२१मध्ये आला, आणि पटकथाकाराने जणू माझ्या आईचे म्हणणे ऐकले होते. वर्षे लोटली आहेत. थोरल्या मुलीला अपस्माराचे झटके येतात, पोलिसांची नुसती चाहूल लागली तरी ती कासावीस होते. बायको धड झोपत नाही. जॉर्जकुट्टी चित्रपटगृहाचा मालक झाला आहे आणि दारू पिऊ लागला आहे. पोलिस ठाण्याच्या जमिनीतून सांगाडा निघतो, सगळे संपले असे वाटते, आणि तपासणीत ती हाडे त्या मुलाची नाहीतच असे निष्पन्न होते. जॉर्जकुट्टीने ती तपासणीआधीच बदललेली असतात. खरी हाडे मिळवून त्याने त्यांचे दहन केलेले असते, आणि अखेरीस ती रक्षा मुलाच्या आईबापांपर्यंत पोहोचते. हिंदीतला दुसरा भाग २०२२मध्ये अभिषेक पाठक यांनी केला, त्यातही हे असेच आहे. रक्षा विसर्जित होते. पाहताना मला बरे वाटले, अगदी मनापासून बरे वाटले, आणि घरी फोन करून आईला मी ते सांगितलेही. आई म्हणाली, “चांगलं केलं.” मग थोड्या वेळाने: “पण मग तपासायला गेली ती कोणाची?”

कोणाची? चित्रपटाच्या दृष्टीने तो एका युक्तीचा तपशील आहे. स्मशानात ओळख काढून, त्याच वयाच्या एका तिसऱ्याच तरुणाची हाडे जॉर्जकुट्टीने मिळवलेली असतात. तो तरुण कोण, कोणाचा, त्याच्या घरी कोण आहे, याचा पटकथेला उपयोग नाही आणि म्हणून पत्ताही नाही. एका आईला तिचा मुलगा परत मिळावा म्हणून दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा पोलिसांच्या खोक्यात जातो, प्रयोगशाळेच्या टेबलावर पडतो आणि तिथेच राहतो. आईच्या त्या प्रश्नानंतर मी या जातीच्या कथा पुन्हा वाचायला आणि पाहायला घेतल्या, आणि मला तो तिसरा माणूस जागोजागी दिसू लागला. कुटुंब वाचते ते कुटुंब नसलेल्या कोणाच्या तरी जिवावर.

केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी जपानमध्ये २००५ साली पुस्तकरूपाने आली आणि तिला तिथला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, २०२३मध्ये तिच्यावरून कालिम्पाँगच्या पार्श्वभूमीवर हिंदी चित्रपटही निघाला. छळणारा माजी नवरा घरात घुसतो, मायलेकींच्या हातून मरतो, आणि शेजारचा गणिताचा शिक्षक इशिगामी सगळे निस्तरायची जबाबदारी घेतो. मूक, एकतर्फी प्रेमाची ही कथा म्हणून वाचक तिच्यावर लुब्ध असतात. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी पुढची चार वाक्ये गाळावीत. इशिगामीने मायलेकींना वाचवण्यासाठी जो अभेद्य पुरावा रचलेला असतो त्याच्या मुळाशी दुसरा एक मृतदेह असतो, नदीकाठी राहणाऱ्या एका बेघर माणसाचा. त्या माणसाला इशिगामी रोज कामावर जाताना पाहत असे. त्याची चौकशी करायला कोणी येणार नाही, या हिशेबानेच त्याची निवड झालेली असते. शेवटी ती स्त्री हे ओझे सहन न होऊन कबुली देते तेव्हा आपण इशिगामीसाठी रडतो, बेघर माणसासाठी नाही. त्याच्यासाठी रडायला लागते तेवढी माहितीच लेखकाने आपल्याला दिलेली नसते. हे न देणे लेखकाला पुरते समजून केलेले आहे, असे मला वाटते. ‘दृश्यम’च्या दुसऱ्या भागाविषयी मी तसे म्हणू शकत नाही.

या तिसऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवण्याचे धाडस मी एकाच चित्रपटात पाहिले आहे. बाँग जून-हो यांचा कोरियन ‘मदर’ २००९चा, म्हणजे त्यांना ऑस्करने जगभर ओळख मिळवून दिली त्याच्या कितीतरी आधीचा. लहान गावात जडीबुटी विकणारी, परवाना नसताना सुयांचे उपचार करणारी एक विधवा आणि तिचा मतिमंद तरुण मुलगा. तिला नाव नाही, ती फक्त आई आहे. शाळेत जाणाऱ्या एका मुलीचा खून होतो, पोलिस या मुलाला पकडतात, वकील टाळाटाळ करतो, आणि आई एकटी तपासाला निघते. भंगार गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्यापर्यंत ती पोहोचते. त्याने त्या रात्री सारे पाहिलेले असते, आणि तो जे सांगतो ते ऐकण्यासाठी ती आलेली नसते: खून तिच्याच मुलाने केला आहे. म्हातारा पोलिसांना कळवायला फोन उचलतो. ती हाताला लागलेला पाना त्याच्या डोक्यात घालते, पुन्हा घालते, आणि मग त्याच्या झोपडीला आग लावते.

इथपर्यंत भयंकर असले तरी अपेक्षित आहे. पोलिस नंतर दुसऱ्याच एका मतिमंद मुलाला पकडतात, कारण त्याच्या शर्टावर त्या मुलीचे रक्त सापडलेले असते. खरे तर तिला वारंवार घोळणा फुटत असे. आईला स्वतःचा मुलगा परत मिळणार हे नक्की झालेले असते. तरी ती त्या दुसऱ्या मुलाला तुरुंगात भेटायला जाते. समोर एक भाबडा चेहरा. ती त्याला विचारते, तुला आईवडील आहेत का? आई नाही का तुला? आणि ढसढसा रडू लागते. तो तिचेच सांत्वन करू पाहतो. सबंध चित्रपटात एका शब्दानेही कोणी असे म्हणत नाही की याला आई असती तर ही कोठडी याच्या वाट्याला आली नसती; पण त्या प्रश्नात ते सगळे आहे, आणि विचारणाऱ्या बाईला ते कळले आहे, म्हणून तर ती रडते. ती खरे सांगत नाही. ती रडते आणि घरी जाते. मुलगा सुटून आल्यावर एक दिवस तिची सुयांची पत्र्याची डबी तिच्या हातात ठेवतो. जळलेल्या झोपडीच्या राखेत त्याला ती सापडलेली असते, आणि असल्या वस्तू इकडेतिकडे विसरू नये असे तो तिला सांगतो. मुलाला किती समजले आहे, काय आठवते आहे, हे तिला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. आता लेक आईला झाकतो आहे. वाईट आठवणी पुसून टाकणारी मांडीवरची एक जागा तिला ठाऊक असते. आईबापांच्या सहलीच्या बसमध्ये ती तिथे सुई टोचून घेते आणि उठून इतर बायकांबरोबर नाचू लागते. किम हे-जा या अभिनेत्रीचा चेहरा त्या अखेरच्या भागात जे करतो ते लिहून सांगण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशी, आधुनिक आणि विकृत आहे. मला उलट ते फार ओळखीचे वाटते. लाक्षागृहाची कथा आपण लहानपणी सुटकेची कथा म्हणून ऐकतो: विदुराची सूचना, भुयार, भीमाने आईला आणि भावांना उचलून नेणे. आग लागते त्या रात्री कुंतीने दानधर्म आणि जेवण ठेवलेले असते. त्या जेवणाला एक निषादी आपल्या पाच मुलांना घेऊन आलेली असते. ती सहाही जणे मद्य पिऊन तिथेच झोपी जातात. एक आई, पाच मुलगे. दुसऱ्या दिवशी राखेत सहा देह सापडतात, लोक पांडवांसाठी शोक करतात, धृतराष्ट्र त्यांची उत्तरक्रिया करवतो, आणि खरे पांडव अरण्यातून सुखरूप पुढे जातात. त्या बाईचे नाव महाभारतासारख्या नावांनी भरलेल्या ग्रंथाने नोंदवलेले नाही. तिच्या नावाने तिलांजली दिली गेली असेल तर ती कुंतीच्या नावाने. महाश्वेता देवींनी या प्रसंगावर एक बंगाली कथा लिहिली आहे, तिच्यात अरण्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या कुंतीला त्या निषादीची सून भेटते आणि जाब विचारते. कुंतीला आयुष्यातल्या दुसऱ्या कितीतरी गोष्टींचा पश्चात्ताप होत असतो. ही गोष्ट तिच्या लक्षातही राहिलेली नसते.

अपराधभाव म्हणजे आपल्याला वाटते तेवढा सर्वव्यापी नसतो, असे या कथा वाचून माझे मत झाले आहे. आपण ज्याला माणूस म्हणून मोजलेले असते त्याच्यापुरताच तो पोहोचतो. विजय साळगावकर मीरा देशमुखपुढे मान खाली घालतो, कारण तीही आई आहे, तिचेही घर आहे. तपासणीला गेलेल्या परक्या हाडांपुढे मान घालायला तो जात नाही. घरे घरांना ओळखतात. स्वतः अनाथ असलेल्या, चौथीपुढे न शिकलेल्या माणसाला तरी हे उमगायला हवे होते, असे मला वाटून जाते. पण कदाचित अनाथ असल्यामुळेच त्याने घर नावाची वस्तू इतकी घट्ट धरून ठेवलेली असावी.

आणि या घट्ट धरलेल्या घरात मुले वाढत असतात. वसुलीवाला दारात आला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे पोराला पढवणारी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘दृश्यम’मधली पढवणी ही त्याचीच मोठी आवृत्ती, आणि चित्रपट ती एखाद्या स्पर्धापरीक्षेच्या तयारीसारखी रंगवून दाखवतो. धाकटीने पोलिसांपुढे न अडखळता उत्तर दिले की प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतात. असगर फरहादी यांनी २०११च्या ‘अ सेपरेशन’मध्ये एका मुलीचे एकच खोटे दाखवले आहे, आणि ते या सगळ्या पढवणीपेक्षा मला जड वाटते. तेहरानमधला नादेर हा बँकेत काम करणारा सुशिक्षित माणूस. त्याने घरकामाला असलेल्या राझिएला दाराबाहेर ढकलले, तिचा गर्भ गेला, आणि आता सगळा खटला एवढ्यावर येऊन ठेपला आहे की ती गरोदर आहे हे त्याला आधी ठाऊक होते की नाही. ठाऊक होते. अकरा वर्षांच्या तेर्मेहला ते कळून चुकते आणि ती बापाला विचारते. तो तिच्यावर ओरडत नाही, तिला पढवत नाही. तू म्हणत असशील तर मी जाऊन खरे सांगतो, असे म्हणून तो निर्णय तिच्यावर सोडतो. वरून पाहता हे फार उदार वाटते. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मला तो त्या बापाचा सर्वांत निर्दय क्षण वाटला, कारण विजयने निदान खोट्याचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेतले होते. न्यायाधीश मुलीला आत बोलावतो, प्रश्न विचारतो, आणि ती बापाला वाचवणारे उत्तर देते. परतताना गाडीत ती मुकाट्याने रडते. तेर्मेहची भूमिका दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलीने, सरिनाने केली आहे, हे कळल्यावर तो प्रसंग मला पाहवेना.

इकडे समोरच्या बाजूला राझिए आहे. गरीब, कर्जबाजारी नवऱ्याची बायको. तडजोडीचे पैसे मिळायची वेळ येते, नादेर अट घालतो की गर्भ माझ्यामुळेच गेला अशी कुराणावर हात ठेवून शपथ घे, आणि तिला स्वतःलाच त्याविषयी शंका असते म्हणून ती शपथ घेत नाही. पैसे जातात. या साऱ्या कथांमध्ये घराचे नुकसान होत असताना खोटे नाकारणारी मला आठवते ती हीच एक बाई, आणि तिच्या वाट्याला टाळ्या नाहीत, नवऱ्याचा आकांत आहे.

‘दृश्यम’च्या चिनी आवृत्तीत शेवटी बाप गुन्हा कबूल करून तुरुंगात जातो. तिकडे गुन्हेगार सुटलेला दाखवणे सरकारला चालत नाही म्हणून तो शेवट आला, असे म्हणून आपल्याकडचे रसिक त्याला नाके मुरडतात, आणि त्यात तथ्य असेलही. मला तो शेवट दुसऱ्याच कारणाने कमी वाटतो. बाप तुरुंगात गेला की हिशेब मिटल्यासारखा वाटतो, मुली मोकळ्या होतात, आणि प्रेक्षकही. मल्याळम दुसऱ्या भागातला तो अपस्माराचा झटका, ती दारात गाडी थांबली की दचकणारी आई, हे माझ्या मते जास्त खरे आहे. माझ्या आईला मी चिनी शेवट सांगितला तेव्हा तिने फक्त विचारले, “आणि मुलींच्या तोंडचं खोटं?” तेव्हापासून कोणी या जातीचे काही पाहायला सुचव म्हणाले, तर मी आधी इराणी चित्रपट सांगते, मग कोरियन, आणि ‘दृश्यम’ सर्वांत शेवटी. उलट क्रमाने पाहिले तर ‘दृश्यम’ची मजा जास्त येते हे मान्य आहे, आत्याने तसेच पाहिले, आणि तिला इराणी चित्रपटात काही घडतच नाही असे वाटले.